नाकारता येत नाही, मग मोबदला तरी हवा

२०११ साली ब्रिटनमध्ये पंचविशी न गाठलेल्या बेरोजगार तरुणाला जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे बेकार भत्ता, आठवड्याला ५३.४५ पौंड मिळत असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन ताशी ६.०८ पौंड झाले. एखाद्या तरुणाला आठवड्याला तीस तास दुकानात राबवून त्याच्या हाती केवळ हा भत्ता ठेवला, तर त्याचा एक तास १ पौंड ७८ पेन्सांना पडतो. तेच तीस तास त्याच दुकानातल्या पगारी माणसाने भरले, तर त्याला किमान १८२ पौंड ४० पेन्स द्यावे लागतात. हा हिशेब मी मुद्दाम सुरुवातीलाच मांडते आहे, कारण बेरोजगार तरुणांना बिनपगारी कामावर पाठवण्याच्या योजनांविषयी बोलताना शिस्त, कामाची सवय, सकाळी वेळेवर उठणे यांवर भरपूर बोलले जाते आणि या दोन रकमांमधला फरक कोणाच्या खिशात गेला, हा प्रश्न बाजूला पडतो.

त्या काळाची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. २००८च्या आर्थिक संकटानंतर नोकऱ्या आटल्या होत्या आणि २०११च्या शरद ऋतूत सोळा ते चोवीस वयोगटातील बेरोजगारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. शाळा किंवा विद्यापीठ सोडून बाहेर पडलेल्या मुलांसमोर जुनेच कोडे होते: अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या आघाडी सरकारने या कोंडीवर उपाय म्हणून एकापाठोपाठ एक अनेक योजना आणल्या. 'वर्क एक्स्पीरियन्स' ही योजना जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. तीत तरुणाने दोन ते आठ आठवडे, आठवड्याला पंचवीस ते तीस तास, एखाद्या आस्थापनात काम करायचे आणि त्या काळात त्याचा भत्ता चालू राहायचा. 'सेक्टर-बेस्ड वर्क अकॅडमी' या योजनेत थोडे प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी मुलाखत असा क्रम होता. 'मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी' हिच्या नावातच सक्ती होती. जॉबसेंटरच्या, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाच्या, सल्लागाराला गरज वाटली तर तो भत्तेकऱ्याला चार आठवड्यांच्या कामावर पाठवू शकत होता आणि नकार दिल्यास भत्ता तेरा आठवडे थांबत असे. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांसाठी सहा महिन्यांचा 'कम्युनिटी ॲक्शन प्रोग्रॅम' वेगळाच होता. या सगळ्यांना मिळून विरोधक 'वर्कफेअर' म्हणत. सरकारला ते नाव मान्य नव्हते, पण चळवळीत आणि वर्तमानपत्रांत तेच रूढ झाले.

अनुभवाची किंमत मी कमी लेखत नाही. इंग्लंडमध्ये राहत असताना मी काही काळ एका स्वयंसेवी केंद्रात तरुणांना नोकरीचे अर्ज भरायला मदत करत असे आणि कोऱ्या बायोडाटासमोर बसलेल्या मुलाची घुसमट मी जवळून पाहिली आहे. चार आठवडे कुठेतरी नियमाने गेलेल्या मुलाच्या बोलण्यात फरक पडतो, त्याला संदर्भपत्र देणारा एखादा माणूस मिळतो, आपल्याला काय जमते आणि काय नको आहे हे त्याला कळते. त्यामुळे बिनपगारी काम म्हणजे प्रत्येक वेळी शोषणच, असे माझे म्हणणे नाही. ज्याला ते काम शिकायचे आहे, ज्याने ते स्वतः निवडले आहे आणि जो नको वाटल्यास कोणत्याही दिवशी ते सोडून येऊ शकतो, त्याच्यासाठी थोड्या आठवड्यांचा असा अनुभव फायद्याचा ठरू शकतो. माझा आक्षेप एका विशिष्ट जोडणीला आहे. काम नाकारले तर पोटाचे पैसे बंद होणार आणि काम केले तर मजुरी मिळणार नाही, या दोन अटी एकाच माणसावर एकाच वेळी लादता येत नाहीत. त्यांपैकी एक तरी काढलीच पाहिजे.

केट रायली हिचे प्रकरण या जोडणीमुळेच गाजले. बर्मिंगहॅम विद्यापीठातून भूशास्त्राची पदवी घेतलेल्या या तरुणीला संग्रहालयांच्या क्षेत्रात काम करायचे होते आणि बेकार भत्त्यावर असताना ती बर्मिंगहॅममधल्या एका संग्रहालयात आपणहून, विनामोबदला मदतही करत होती. २०११च्या नोव्हेंबरमध्ये जॉबसेंटरने तिला किरकोळ विक्री क्षेत्रातल्या एका योजनेत जायला सांगितले. सहभाग वास्तविक ऐच्छिक होता, पण तो सक्तीचा आहे आणि नाही म्हटल्यास भत्ता जाईल, असे तिला सांगण्यात आले. परिणामी संग्रहालयातले काम सोडून ती दोन आठवडे पाउंडलँड या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीच्या दुकानात फळ्यांवर माल लावत आणि फरशी झाडत राहिली, आणि त्यातून नोकरी मिळाली नाहीच. ज्या मुलीने स्वतःच्या हिमतीवर आपल्या क्षेत्रातला अनुभव मिळवायला सुरुवात केली होती, तिला तिथून उठवून दुसरीकडे 'अनुभवासाठी' पाठवण्यात आले, ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त खटकते. तिच्यासाठी काय योग्य आहे, हे त्या साखळीत कोणी तिला विचारलेच नव्हते.

तिने सरकारविरुद्ध खटला भरला आणि त्यात तिच्याबरोबर जेमिसन विल्सन हे दुसरे अर्जदार होते. ते तरुण नव्हते, चाळिशीचे होते, व्यवसायाने अवजड वाहनांचे चालक होते, पण त्यांची हकीकत इथे सोडून देता येत नाही. सहा महिने, आठवड्याला तीस तास, जुने फर्निचर दुरुस्त करण्याचे काम त्यांना बिनपगारी करायला सांगितले गेले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांचा भत्ता बंद झाला. दोघांचा खटला आधी उच्च न्यायालयात, मग अपील न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी अपील न्यायालयाने २०११चे नियम बेकायदेशीर ठरवले. संसदेने मूळ कायद्यात योजनांचे वर्णन नियमांत करायला सांगितले होते; सरकारने मात्र सगळ्या योजना एका मोघम नावाखाली बांधल्या आणि तपशील भत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या श्रम व निवृत्तिवेतन खात्याच्या मर्जीवर ठेवला. शिवाय विल्सन यांना आलेल्या पत्रात त्यांना नेमके काय करायचे आहे आणि न केल्यास काय होईल, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नियमांविषयीचा हा निष्कर्ष कायम ठेवला.

या निकालाचे वाचन दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने झाले, म्हणून त्यातला दुसरा भागही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. युरोपीय मानवाधिकार कराराच्या चौथ्या कलमाने सक्तीच्या मजुरीवर बंदी घातली आहे आणि या योजना त्या बंदीत बसतात, असा रायली आणि विल्सन यांचा दावा होता. तो न्यायालयाने फेटाळला. भत्ता हा काम शोधणाऱ्याला दिलेला आधार आहे, त्याला काही अटी जोडणे हे त्या आधाराच्या हेतूशी सुसंगत आहे आणि अशी अट म्हणजे वेठबिगारी नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने मला हा तर्क समजतो. गुलामगिरीच्या विरोधात लिहिलेल्या कलमाची कसोटी कठोर असणारच. पण एखादी गोष्ट वेठबिगारीच्या कसोटीला उतरत नाही, एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही आणि शहाणपणाचीही ठरत नाही. न्यायालयाने तसे म्हटलेही नव्हते.

सरकारने पुढे जे केले ते मला अधिक गंभीर वाटते. अपील न्यायालयाचा निकाल आला त्याच दिवशी नवे नियम जारी झाले आणि पुढच्याच महिन्यात, मार्च २०१३ मध्ये, 'जॉबसीकर्स (बॅक टू वर्क स्कीम्स) ॲक्ट' हा कायदा घाईघाईने संमत करण्यात आला. ज्यांचा भत्ता बेकायदेशीर नियमांखाली कापला गेला होता त्यांना पैसे परत द्यावे लागू नयेत, म्हणून या कायद्याने जुने नियम पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरवले. त्या वेळी चर्चेत असलेला आकडा सुमारे १३ कोटी पौंडांचा होता. विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाने मतदानात तटस्थ राहण्याचे ठरवले आणि त्याच्या काही खासदारांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने हा पूर्वलक्षी कायदा न्याय्य सुनावणीच्या हक्काशी विसंगत असल्याचे जाहीर केले. नियम मोडला म्हणून बेरोजगार माणसाचे आठवड्याचे पन्नास पौंड निर्दयपणे कापायचे आणि स्वतःचा नियम बेकायदेशीर ठरला की थेट कायदाच बदलायचा, या वागण्यातून तरुणांनी कोणती शिस्त शिकावी अशी अपेक्षा होती?

फेब्रुवारी २०१३च्या निकालानंतर या खात्याचे तत्कालीन मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत विचारले होते की, सुपरमार्केटच्या फळ्या रिकाम्या असतील तेव्हा अधिक महत्त्वाचा कोण, भूशास्त्रज्ञ की फळ्यांवर माल लावणारा? प्रश्न टाळ्या मिळवणारा होता, पण तो ज्या मुलीला उद्देशून होता ती त्या वेळी एका सुपरमार्केटमध्येच अर्धवेळ पगारी नोकरी करत होती. दुकानातले काम आपल्याला कमीपणाचे वाटत नाही, फक्त काम केल्यावर त्याचा पगार मिळावा एवढीच आपली अपेक्षा आहे, असे तिने निकालाच्या दिवशीच सांगितले होते. फळ्यांवर माल लावणाऱ्याचे काम खरोखरच इतके मोलाचे असेल, आणि ते आहेच, तर ते फुकट करून घेण्याचे समर्थन त्याच वाक्यातून कसे निघते, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुकानदारांना मात्र या विसंगतीची झळ लवकर लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये जॉबसेंटरच्या संकेतस्थळावर टेस्को या सुपरमार्केट साखळीच्या नावाने रात्रपाळीच्या कामाची एक जाहिरात दिसली. काम कायमस्वरूपी आणि मोबदल्याच्या रकान्यात बेकार भत्ता व प्रवासखर्च. ती तांत्रिक चूक असल्याचे कंपनीने सांगितले, पण तोवर लोकांचा संताप उसळला होता. 'बॉयकॉट वर्कफेअर' या चळवळीचे कार्यकर्ते दुकानांसमोर निदर्शने करू लागले आणि एकेक मोठी साखळी योजनेतून बाहेर पडू लागली किंवा सहभागाचा फेरविचार करू लागली. टेस्कोने तरुणांना पगारी काम आणि ते नीट केल्यास कायम नोकरी असा दुसरा पर्याय देऊ केला. २९ फेब्रुवारी रोजी रोजगारमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी मालकवर्गाच्या प्रतिनिधींची बैठक घेतली आणि 'वर्क एक्स्पीरियन्स' योजनेतून मध्येच बाहेर पडणाऱ्याचा भत्ता गंभीर गैरवर्तनाखेरीज कापला जाणार नाही, असे जाहीर केले. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांनाच सक्तीचा डाग आपल्या नावावर नको होता. 'मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी' मात्र तशीच चालू राहिली.

या योजनांनी निदान नोकऱ्या तरी मिळवून दिल्या असत्या, तर माझा आक्षेप इतका ठाम राहिला नसता. पण पुरावा उलट बाजूचा आहे आणि तो सरकारच्याच कपाटातला आहे. शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या रिचर्ड क्रिस्प आणि डेल रॉय फ्लेचर यांनी याच खात्यासाठी २००८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील वर्कफेअर योजनांचा आढावा घेतला होता. अशा योजनांमुळे नोकरी मिळण्याची शक्यता वाढते याचा पुरावा फारसा नाही, उलट काम शोधायला लागणारा वेळच त्या खाऊन टाकतात आणि नोकऱ्यांची टंचाई असेल तेव्हा त्यांचा परिणाम सर्वांत कमी असतो, असे त्यांचे निष्कर्ष होते. नोकऱ्यांची टंचाई असतानाच नेमकी ही वाट धरली गेली. जून २०१२ मध्ये खात्याने स्वतः प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात 'मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी'चा नोकरी मिळण्यावर काहीही परिणाम दिसला नाही. भत्ता घेण्याच्या प्रमाणात झालेली किरकोळ घटही थोड्याच काळात विरून गेली. त्याच महिन्यात ही योजना वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला. 'वर्क एक्स्पीरियन्स'चे खात्याचे आकडे त्या मानाने बरे होते, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण ती योजना मुळात ऐच्छिक म्हणून मांडलेली होती, हेही विसरता येत नाही.

आणि पगार देऊन हेच करता येत नाही असे म्हणावे, तर ते करून झाले होते. मजूर पक्षाच्या सरकारने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'फ्यूचर जॉब्ज फंड' या योजनेत प्रामुख्याने अठरा ते चोवीस वयाच्या बेरोजगारांना सहा महिन्यांच्या, आठवड्याला किमान पंचवीस तासांच्या, किमान वेतन देणाऱ्या नोकऱ्या निर्माण करून दिल्या जात. प्रत्येक नोकरीमागे सरकार जास्तीत जास्त ६,५०० पौंड देत असे. हा खर्च फार आहे, असे म्हणत आघाडी सरकारने ती योजना गुंडाळली. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच सरकारच्या खात्याने तिचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, तेव्हा प्रत्येक सहभागी तरुणामागे समाजाला निव्वळ ७,७५० पौंडांचा लाभ झाल्याचा अंदाज पुढे आला: तरुणाचा फायदा ४,००० पौंड, काम देणाऱ्या संस्थेचा ६,८५० पौंड आणि तिजोरीवरचा निव्वळ भार ३,१०० पौंड. योजनेत दाखल झाल्यावर दोन वर्षांनीही त्या तरुणांना अनुदानाशिवायची नोकरी असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. तिजोरीवर भार पडला हे खरेच आहे. पण ज्या योजनेत तो भार पडला नाही असे सांगितले जात होते, तिथे तो नाहीसा झाला नव्हता. तो तीस तास उभ्या राहणाऱ्या मुलाच्या अंगावर टाकला होता.

केंद्रात येणाऱ्या मुलांशी बोलताना माझ्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही. पगाराच्या पावतीला एक वजन असते. ज्याने सहा आठवडे पगारावर काम केले तो मुलगा पुढच्या मुलाखतीत आपल्या कामाविषयी मान वर करून सांगत असे. ज्याला जॉबसेंटरने पाठवले होते, तो त्याच कामाविषयी बोलताना अडखळत असे, कारण समोरच्याला ते शिक्षा म्हणून दिलेले काम वाटेल अशी त्याला धास्ती असे. काम तेच, तास तेच, मेहनतही तीच. तरी त्याची किंमत कोणीतरी शून्य ठरवली आहे हे त्या मुलाला ठाऊक होते आणि पुढच्या मालकालाही.

बिनपगारी माणसामुळे पगारी माणसाचे तास कमी होतात, ही कामगार संघटनांची तक्रारही हवेतली नव्हती. नियमांप्रमाणे बदली म्हणून कोणाला वापरायचे नव्हते, पण सणासुदीच्या गर्दीत जादा तासांची मागणी असते तेव्हा दुकानात आयते उभे असलेले फुकटचे हात आणि जादा तासांची वाट पाहणारा अर्धवेळ कर्मचारी यांच्यात व्यवस्थापक कोणाची निवड करील, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. यावर लक्ष कोणी ठेवायचे? त्यासाठी आधी कुठल्या आस्थापनांत ही माणसे काम करत आहेत, हे तरी कळायला हवे होते. माहितीच्या अधिकाराखाली ती नावे मागितली गेली, तेव्हा खात्याने ती द्यायला नकार दिला. नावे फुटली तर संस्था माघार घेतील आणि योजना कोसळेल, असा त्याचा युक्तिवाद होता. माहिती आयुक्तांनी नावे द्या म्हणून सांगितले, तरी प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत चालले आणि २०१६ मध्ये अखेर यादी बाहेर आली. तोवर ती योजना बंद झाली होती. यादीत खासगी कंपन्यांप्रमाणेच धर्मादाय संस्था आणि स्थानिक संस्थाही होत्या. धर्मादाय संस्थांचे वागणे मला अधिक लागते. स्वेच्छेच्या सेवेवर उभ्या असलेल्या संस्थांनी सक्तीने पाठवलेली माणसे घ्यायला नको होती. अनेकांनी ती घेतली नाहीत. 'कीप व्हॉलंटिअरिंग व्हॉलंटरी' या मोहिमेत २०१४ पासून कित्येक संस्थांनी तशी जाहीर प्रतिज्ञा केली.

२०२० मध्ये साथीच्या काळात हुजूर पक्षाच्याच सरकारने 'किकस्टार्ट' योजना आणली, तेव्हा सहा महिने, आठवड्याला पंचवीस तास आणि किमान वेतन हाच जुना साचा परत आला. त्या अर्थी पगाराचा मुद्दा दोन्ही पक्षांनी मान्य केला असे म्हणता येईल. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी, दीड वर्ष शिक्षण किंवा नोकरीविना युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यावर असलेल्या तरुणांना पगारी कामाची हमी देण्याची घोषणा केली आणि सबळ कारणाशिवाय ते नाकारणाऱ्याचा भत्ता कापला जाऊ शकतो, हेही त्याच दमात सांगितले. मी आक्षेप घेतलेल्या जोडणीतली एक अट, मजुरी न देण्याची, इथे काढलेली आहे, म्हणून मी या योजनेला विरोध करत नाही. मात्र 'सबळ कारण' कोण ठरवणार, हे मला ती राबवली जाण्याआधी लेखी वाचायचे आहे. आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या संस्थेत स्वतःहून शिकत असलेल्या मुलीला ते चालू ठेवायची मुभा मिळणार का, पहिले काम न मानवल्यास दुसरे मागता येणार का, तिला जाणारे पत्र तिला समजेल अशा भाषेत असणार का आणि काम देणाऱ्यांची नावे पहिल्या दिवसापासून उघड असणार का, या चार प्रश्नांची उत्तरे मी माझ्या ओळखीच्या खासदाराला पत्र लिहून मागितली आहेत आणि ज्यांच्या घरात या वयाची मुले आहेत त्यांनीही ती मागावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.